चंपा आणि वीणा या एकच असल्याबाबत

माझ्या पश्चात सगळं सुरळीत व्हावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. त्यापायी माझ्या हयातीत माझं लग्न पुन्हा एकदा कागदावर लागेल, त्याला मेहुणा साक्षीदार म्हणून उभा राहील आणि ऐन वेळी मला ओळखायला काचकूच करील, याची कल्पना असती तर मी मरणाचा विषयच काढला नसता.

विषय तसा मी काढला नाही, मराठी मंडळानं काढला. ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा आणि पैसा यांवर मोफत मार्गदर्शन, नंतर अल्पोपाहार, अशी पाटी लागली होती. मी काही अल्पोपाहारासाठी गेलो नव्हतो. बटाटेवडा येईपर्यंत बसणं भाग पडलं, इतकंच. बोलायला संहिता नावाची तरुण वकीलबाई होती. चामराजपेटेत आमच्या खालच्या मजल्यावर भीमाचार्य राहतात, त्यांची ही पुतणी. त्यांचं घराणं बेंगळूरला इतक्या पिढ्यांपूर्वी आलंय की लोणच्यात मोहरी मुरावी तशी त्यांच्या मराठीत कन्नड मुरली आहे. संहितानं छान समजावून सांगितलं. भावनेच्या भरात घर मुलांच्या नावावर करून देऊ नका, द्यायचंच तर आपल्याला सांभाळण्याची अट कागदात घाला. मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता पैसे हातात घेणारा. मालक कोण, ते मृत्युपत्र सांगतं. आणि वड्यांचा वास आत येऊ लागला तेव्हा म्हणाली, "बाकी राहू दे. घरी जाऊन आज एवढंच बघा, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव लागलंय. स्वल्प बघा तर खरं."

मी घरी येऊन बघितलं. माझ्या झाडून सगळ्या ठेवींची नॉमिनी माझी आई होती.

झालं होतं असं, की पहिली ठेव मी नोकरीला लागल्यावर उघडली, लग्नाच्या आधी. मुदत संपली की ती आपोआप पुढे जायची आणि तिच्याबरोबर आईसुद्धा पुढे जायची. प्रत्यक्षात आईला जाऊन फार वर्षं झाली. म्हणजे मी वर पोहोचलो की पैसे घ्यायला आई तिथे दारातच उभी. व्यवहार म्हणून हे सोयीचं होतं, पण आमचा संसार खाली होता.

संसार म्हणजे वीणा, माझी बायको. मुलगा क्षितिज मारतहळ्ळीला राहतो, त्याचं त्याला पुरतं आहे. प्रश्न वीणाचा होता. गेल्या दिवाळीत माझ्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेलं, तेव्हा काउंटरवर पैसे भरायला तिच्या हातात काही नव्हतं. सगळं माझ्या नावावर, माझ्या फोनमध्ये, आणि फोन उघडतो माझ्या बोटानं. बोट आत चिमट्यात अडकून ऑक्सिजन मोजत होतं. क्षितिज मारतहळ्ळीहून निघाला तो वाहतुकीतून इथे पोहोचेपर्यंत मी बरा होऊन सारभात जेवत होतो. पण तेवढा वेळ वीणा काउंटरसमोर पर्स छातीशी धरून उभी होती, आणि तिथल्या बाईनं तिला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, बरोबर कोणी मोठं माणूस आहे का. अडुसष्ट वर्षांची बाई. तिनं मला हे नंतर हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नव्हतं.

म्हणून ठरवलं, बँकेत जायचं, आईच्या जागी वीणाचं नाव घालायचं, शिवाय तिला खात्यात बरोबरीची खातेदार करायची. अर्ध्या तासाचं काम.

खाली उतरताना भीमाचार्य भेटले. भीमाचार्यांना कुठल्याही कामाचं नाव सांगितलं की ते आधी डोळे मिटतात. मग त्यांनी मला त्यांच्या एका आत्याची गोष्ट सांगितली, जिच्या नावावर मंगळूरला नारळाची बाग होती आणि जी आपण स्वतः जिवंत असल्याचं सिद्ध करता करताच वारली. तात्पर्य विचारलं तर म्हणाले, "तात्पर्य नाही, अनुभव आहे." वसुमती अक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, सल्ला निराळा. गुरुवारी जा, आणि जाताना दही-साखर खा. दही-साखर मी खाल्ली. गुरुवारपर्यंत थांबलो नाही, ही माझी चूक, असं अक्कांचं आजही ठाम मत आहे.

बँकेत हर्षिता नावाची एक गोड, दमलेली मुलगी होती. तिनं माझ्याकडून वीणाचं आधार कार्ड घेतलं, पॅन कार्ड घेतलं, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. मग मला हिंदीत, फार मऊ आवाजात विचारलं की सर, यातल्या आपल्या पत्नी कोणत्या?

आधारवर होती वीणा. पॅनवर होती चंपा.

इथे वाचकांपैकी अर्ध्या बायका मान हलवतील, आणि त्यांचे नवरे विचारतील, काय झालं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. आडनाव तर बदलायचंच, पण पहिलं नावसुद्धा. कराडच्या माहेरी ती चंपा होती. शाळेच्या दाखल्यावर चंपा. नवरा विद्याधर, तेव्हा त्याला शोभेलशी वीणा हवी, असं आमच्या घरात एकमतानं ठरलं. एकमतात ती नव्हती, पण ती तेव्हा आमच्या घरात यायची होती. पुढे वीणाचं रेशन कार्ड झालं, त्यावरून आधार झालं. माहेरचं घर विकताना तिच्या भावाला, पद्मनाभला, तिचा पॅन लागला. त्यानं ट्रंकेतून तिचा शाळेचा दाखला काढला आणि पॅन काढून घेतला तो चंपाचा. दोघी आपापल्या जागी सुखात होत्या. मी त्यांना प्रथमच एका टेबलावर आणलं.

हर्षिताला मी हे सगळं सांगितलं. तिनं मनापासून ऐकलं. तिला पटलंही. म्हणाली, मला पटून काय उपयोग, यंत्राला पटलं पाहिजे, आणि यंत्राच्या मते या दोन वेगळ्या बायका आहेत. मग थोडी घुटमळून तिनं मला जे सांगितलं त्यानं माझी दही-साखर घशाशी आली. म्हणाली, आज तुम्ही समोर आहात म्हणून हे नुसतं अडलंय. उद्या तुम्ही नसाल तेव्हा मॅडम एकट्या इथे येतील, आणि आधी त्यांना आपण एक आहोत हे सिद्ध करावं लागेल. मग बाकीचं.

दवाखान्यातला काउंटर माझ्या डोळ्यांसमोर आला.

संहिताचं ऑफिस इथल्याच शिवाजीनगरला, बस स्टँडच्या मागे, एका गाद्यांच्या दुकानावर. खाली कापूस पिंजल्याचा आवाज, वर न्याय. तिनं कागद पाहिले आणि विचारलं, "लग्नाचा दाखला?"

आमच्याकडे लग्नाचा दाखला नव्हता. आमच्या काळी लग्न झालं हे गावाला माहीत असे, त्यासाठी सरकारला तसदी देत नसत. पत्रिका होती, पद्मनाभकडे. पण पत्रिका लग्नाआधीची. तिच्यावर चि. सौ. कां. चंपा. लग्नानंतरच्या प्रत्येक कागदावर वीणा. मधला दुवा कुठाय, असा संहिताचा प्रश्न. चंपाची वीणा झाली, हे कुठे लिहिलंय?

लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते आणि त्यात अंगठीनं मी 'वीणा' अशी अक्षरं काढली होती. चांगली काढली होती, सगळे म्हणाले. एका बाईचं नाव कायमचं बदलणारा तो जगातला एकमेव दस्तऐवज, आणि आम्ही तो तांदळावर केला. संध्याकाळी त्या तांदळाची खीर झाली.

"फोटो?" संहितानं विचारलं.

फोटोग्राफर तेव्हा जेवायला बसला होता.

संहिता हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिनं उपाय सांगितला. लग्नाची नोंद आता करून घ्यायची, उशिरा झाली तरी होते. पत्रिका, लग्नाचा एखादा फोटो, साक्षीदार. शिवाय चंपा आणि वीणा या एकच, असं प्रतिज्ञापत्र. वर्तमानपत्रात जाहिरात. मग सगळ्या कार्डांवर एकच नाव. "सरी, ठीक," ती म्हणाली आणि पेन उघडलं. "आता सांगा. कुठलं नाव ठेवायचं?"

"वीणा. त्यात काय विचारायचं?" मी म्हणालो.

"अण्णा, मी तुम्हाला नाही, या अक्कांना विचारलं."

वीणा खिडकीजवळ बसली होती. खाली कुणी तरी गादी झोडपत होतं, तिकडे तिचं लक्ष असावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "चंपा ठेवा."

संहितानं लिहून घेतलं. मी घसा खाकरला. संहितानं वर न बघता सांगितलं की हे जरा लांबचं पडेल, कारण वीणा ठेवली असती तर एक कार्ड बदलावं लागलं असतं, चंपासाठी बाकीची सगळी बदलावी लागतील. मला वाटलं, आता ती माघार घेईल. माझ्या बायकोला कुणाला त्रास दिलेला आवडत नाही. ती म्हणाली, "चालेल."

परतीच्या रिक्षात मी बोललो नाही. मी निवृत्त अभियंता आहे. सरकारी कारखान्यात माझ्या सहीशिवाय यंत्र हलत नसे. नुसतं गप्प बसून समोरच्याला प्रश्न विचारायला लावायची कला मला अवगत आहे. ती वीणावर कधीच चाललेली नाही. ती बाहेरची फुलांची दुकानं बघत होती. शेवटी मार्केटच्या गर्दीत रिक्षा अडकली आणि मीच विचारलं, वीणा या नावात काय वाईट आहे?

"वाईट काही नाही. चांगलं आहे. तुम्ही हाक मारता, मी ओ देतेच की."

"मग?"

ती म्हणाली, "हे सगळं तुम्ही कशासाठी मांडलंय? तुम्ही नसाल तेव्हासाठीच ना? मग तेव्हा राहायचंय कुणाला, ते बघा. वीणाला तुम्ही आणलंत, तिला तुमच्याशिवाय राहायची सवय नाही. चंपा शाळेत असताना सायकलवर पोस्टात जायची, रजिस्टर करायची, पावती मोजून परकराच्या खिशात घालायची. बाबा आजारी होते तेव्हा मामलेदार कचेरीत एकटी जाऊन भांडून आली होती. तुमच्यामागे चंपा राहील. वीणाला नाही हो जमायचं."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मला सासूबाई आठवल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी जात्याला हळद लावून बायका बसल्या होत्या, आणि सासूबाईंनी लेकीच्या नावावरून आपली स्वतःची ओवी म्हटली होती:

दारीचा चाफा बाई, देऊ केला परगावा,
मुळी राहिली अंगणी, वास गेला गावोगावा.

मी तेव्हा शेजारच्या खोलीत बुटांचे बंद शोधत होतो. ओवी कानावर पडली, चाल आवडली. ती माझ्याबद्दल तक्रार आहे हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

असो. यापुढे जे झालं त्यात भावनेला जागा नव्हती.

जाहिरात छापून आली. संहितानं मजकूर कायदेशीर केला होता, म्हणजे माणसांना घाबरवील असा. 'मी, आजवर वीणा या नावानं ओळखली जाणारी, जाहीर करते की यापुढे मी वीणा नसून चंपा आहे.' खाली आमचा पत्ता. आमच्या गल्लीत वर्तमानपत्रातली जाहिरात कुणी वाचत नाही असा माझा समज होता. पेपर आला आणि मी दाढीला साबण लावतोय तोवर वसुमती अक्का उप्पिटाचं पातेलं घेऊन वर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन वीणाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, या वयात घर मोडायचं नसतं, काय झालं असेल ते झालं असेल, पुरुषांना अक्कल उशिरा येते. भीमाचार्यांनी मला गॅलरीत बोलावून हलक्या आवाजात विचारलं की मनुष्य म्हणून चूक होते, पण ती कुठे राहते? मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा दाढीचा साबण तोंडात गेला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, जो मला नेहमी सलाम करतो, त्यानं त्या दिवशी फक्त वीणाचे कपडे परत दिले.

वीणानं अक्कांना बसवून सगळं सांगितलं. अक्का शेवटपर्यंत ऐकत बसल्या, इतका वेळ की उप्पिट निवलं. दुसऱ्या दिवशी त्या रिकामं पातेलं न्यायला आल्या आणि दारातच वीणाच्या कानाशी काही तरी बोलून गेल्या. काय म्हणाल्या, ते मी विचारलं. "त्यांचं आधीचं नाव सांगितलं," वीणा म्हणाली. कोणतं, ते मात्र तिनं सांगितलं नाही. कायद्यानं मी विचारूही शकत नाही.

क्षितिज रविवारी आला. त्याला सगळं 'सो कूल' वाटलं. आई, तू तर रीब्रँड केलंस, म्हणाला. मला म्हणाला, बाबा, हे सगळं ऑनलाइन होतं, तुम्ही उगीच धावपळ करताय, आणि लॅपटॉप उघडून बसला. संध्याकाळी त्याचा फॉर्म तिसऱ्यांदा रद्द होऊन परत आला तेव्हा तो संहिताचा नंबर मागत होता.

पद्मनाभ कराडहून बसनं आला. बहिणीला चंपा म्हणणारा जिवंत माणूस आता तो एकटाच. लग्नानंतर त्यानं एकदाही तिला वीणा म्हटलं नाही. पत्र लिहायचा तेही चंपाला, आणि आमचा पोस्टमन ते परत पाठवायचा. पिशवीत गूळ, पत्रिका आणि आमच्या लग्नाचा एकमेव उरलेला फोटो घेऊन तो उतरला आणि पायरीवरूनच त्यानं हाक मारली. "चंपे." वीणा स्वयंपाकघरातून ज्या चपळाईनं आली, ती चपळाई मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. गुडघे दुखतात, अशी तिची माझ्याकडे कायमची तक्रार आहे.

नोंदणी कार्यालयात वसुमती अक्कांनी हार आणले होते. मी नको म्हणालो. साधी सरकारी नोंद आहे, म्हणालो. अक्का म्हणाल्या, "ज्याला नको त्यानं घालू नये," आणि दोन्ही हार वीणाच्या गळ्यात घातले. मग रांगेतल्या मुलामुलींमध्ये आम्ही उभे राहिलो. पुढे एक जोडपं, मागे एक जोडपं, सगळीच आमच्या क्षितिजहून लहान. पुढच्या मुलीचं पेन अर्जातल्या एका रकान्यापाशी थांबलं होतं. लग्नानंतरचं नाव. ती नवऱ्याकडे बघत होती, नवरा फोनकडे. वीणा तिच्या खांद्यावरून वाकली आणि तिला जमेल त्या भाषेत, निम्म्या कन्नडमध्ये आणि निम्म्या हिंदीत म्हणाली, "स्वल्प सोच के लिखना, मगळे." जरा विचार करून लिही, लेकी.

मुलगी हसली आणि पेनाचं टोपण लावून विचार करू लागली. तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू हे सगळं मीच शिकवलंय.

आतले अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी पत्रिका बघितली, भीमाचार्यांनी तिचं कन्नडमध्ये भाषांतर केलं, शिवाय नांदी आणि पुण्याहवाचन म्हणजे काय तेही सांगितलं. मग त्यांनी फोटो हातात घेतला. काळा-पांढरा फोटो, कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेला. फोटोतल्या मुंडावळ्यांकडे बघितलं, मग समोरच्या वीणाकडे. लगेच मान डोलावली. हो, त्याच या. मग फोटोतल्या मुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत मुलाकडे.

त्या मुलाला दाट, कुरळे केस होते. हनुवटी होती, एकच.

"इवरु यारु?" त्यांनी विचारलं. हे कोण?

मी म्हणालो, मीच. भीमाचार्यांनी तेही भाषांतर करून सांगितलं, पण सांगताना त्यांच्या आवाजात विश्वास नव्हता. अधिकाऱ्यांनी पद्मनाभला पुढे बोलावलं. ही बाई कोण? पद्मनाभ म्हणाला, ही माझी सख्खी धाकटी बहीण, चंपा, हिला मी कडेवर खेळवलीय. आणि हे? पद्मनाभनं चष्मा पुसला. घरात माझ्या ताटात जेवलेला माणूस. तो म्हणाला, "लग्नात होते खरे. पण तेव्हा यांना केस होते. आता शपथेवर सांगायचं म्हणजे..."

ज्या बाईची ओळख पटवण्यासाठी मी इतकी पायपीट केली, तिच्यावर कुणाला तिळमात्र शंका नव्हती. अडकलो होतो मी. मी आधार दाखवलं, पॅन दाखवलं, निवृत्तीवेतनाचं पुस्तक दाखवलं. मागच्या रांगेतली मुलं माना उंचावून बघू लागली. शेवटी वीणानंच हारांमधून मान बाहेर काढून साहेबांना सांगितलं, "हेच आहेत. कान बघा."

सगळ्यांनी माझे कान बघितले. फोटोतले बघितले. ते पटले. कान, म्हणे, बदलत नाहीत. माझी आई माझ्या कानांना सुपाची उपमा द्यायची, त्याचा मला लहानपणी राग यायचा.

सही झाली, शिक्का बसला, आणि सरकारदरबारी चंपाचं माझ्याशी लग्न लागलं. अक्कांनी तिथेच पेढे वाटले. पद्मनाभनं मला मिठी मारून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका. खोटं बोलवत नाही."

मग पुढचे महिने कार्डं बदलण्यात गेले, त्याचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की त्या काळात बहुतेक ठिकाणी वीणा एकटीच गेली. आधी मी बरोबर जायचो, पण प्रत्येक काउंटरवर तिला विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर द्यायचो आणि ते चुकायचं. उदाहरणार्थ, तिची जन्मतारीख. एकदा ती म्हणाली, तुम्ही घरी थांबा, पाणी येणार आहे. मी थांबलो. पाणी त्या दिवशी येणार नव्हतं, हे मला नंतर कळलं. ती परतली ती काम करून, शिवाय येताना ताज्या शेवग्याच्या शेंगा घेऊन. पिशवी ठेवता ठेवता तिथल्या कारकुनाशी आपण कसं बोललो ते सांगत होती. आवाजाला धार होती. मामलेदार कचेरीतून बाहेर पडणारी ती परकरातली मुलगी मी तेव्हा पाहिली नव्हती. थोडीशी आता पाहिली.

शेवटी आम्ही पुन्हा बँकेत गेलो. ठेवींवरचं आईचं नाव निघालं. निघताना मला वाईट वाटलं, पण आईला पैशाची तशी हौस कधीच नव्हती. तिथे चंपा लागली. खात्यातही दोघांची नावं झाली. मला वाटलं, झालं, उठावं. वीणा म्हणाली, "थांबा. माझं एक काम आहे." स्वतःच्या एकटीच्या नावानं तिला खातं उघडायचं होतं. माहेरच्या घराचा वाटा आणि घरखर्चातून बाजूला टाकलेलं बरंच काही तिच्याकडे होतं. किती, ते मला अजून माहीत नाही. हर्षितानं मला गोड शब्दांत बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. शेजारी निळ्या साडीतली वीणा, नंबर यायची वाट बघत.

"चंपा मॅडम," आतून पुकारा झाला.

किती छान नाव, असं माझ्या मनात आलं, आणि कोण उठतंय ते बघायला मी इतरांसारखीच मान वळवली. शेजारची निळी साडी उठली आणि काउंटरकडे चालू लागली. पर्स खांद्याला होती, छातीशी नव्हती.

काच अर्धीच होती, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. हर्षिता प्रश्न विचारत होती, ती उत्तरं देत होती, हिंदीत, आपल्या व्याकरणानं. नॉमिनी कोण, असा प्रश्न आला. पती, ती म्हणाली. हर्षितानं काळजीनं सुचवलं की मॅडम, सर आपल्याहून मोठे आहेत, मुलाचं नाव घालणं जास्त बरं. सगळे तसंच करतात.

"नको. मुलगा मिळवतोय. हे मागे राहिले तर हाल होतील यांचे," ती म्हणाली. "चहासुद्धा करता येत नाही. निदान चार पैसे तरी असू देत."

मी इतके महिने माझ्या मागे तिचं कसं होईल या काळजीत धावलो होतो. तिच्या मागे माझं कसं होईल, हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. तिला सुचला होता, आणि तिनं त्याची तजवीजही केली होती.

"नाव?" हर्षितानं विचारलं.

मी उठायच्या बेतात होतो. हा प्रश्न माझा. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घ्यायचंच तर हळदीकुंकवाला, उखाण्यात, यमकाच्या आडोशानं. घरी 'अहो', दुकानात 'आमचे हे', फोनवर 'क्षितिजचे बाबा'. जिथे जिथे नाव विचारलं, तिथे ती माझ्याकडे बघायची आणि मी पुढे होऊन सांगायचो.

या वेळी तिनं मागे बघितलं नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून, समोरच्या गल्लीतल्या मुलाला खेळायला बोलवावं तसं, सरळ आणि स्वच्छ म्हणाली, "विद्याधर."

पुढे ओळ नाही, मागे यमक नाही.

मी बाकावरून उठून उभा राहिलो. पिशवी खाली पडली. दाराशी असलेला शिपाई लगबगीनं आला, सार, एन बेकु, म्हणाला. काय हवंय?

"काही नाही," मी म्हणालो. "माझं नाव पुकारलं."